बिजागरी मोडेपर्यंत

राष्ट्राची प्रगती दोन खांबांवर उभी असते. एक विद्यापीठ, दुसरा उद्योग. आणि या दोन खांबांना जोडणारी जी भक्कम कमान, तिलाच आपण संस्कृती म्हणतो.

हे वाक्य आमच्या टान्नेनग्रुंड विद्यापीठाच्या धातू आणि पदार्थ अभियांत्रिकी विभागाच्या दारावर संगमरवरात कोरलेले आहे. दारातून आत गेले, की डाव्या हाताच्या खोलीत ती कमान प्रत्यक्ष पाहायला मिळते. ती करंगळीएवढी असून बिअरच्या मगाच्या झाकणाला बसवलेली आहे.

कमान नेमकी कशी उभी राहिली, याबद्दल गावात बऱ्याच दंतकथा आहेत. खरी हकिगत साधी आहे. ओट्टोकार रीडलहुबर हे आमच्याकडचे जुने कारखानदार. बिअरचे झाकणवाले मग आणि त्यांच्या बिजागऱ्या करण्याचा त्यांचा धंदा आजोबांपासूनचा. एक दिवस त्यांनी विभागाला चार ओळी लिहिल्या : आमच्या झाकणाची बिजागरी उघडताना कुरकुरते. गिऱ्हाइके नाक मुरडतात. तुमच्याकडे काही उपाय आहे का?

विभागप्रमुख प्राध्यापिका हिल्ट्रुड आखेनबाख या थोर विदुषी. लहान प्रश्न पाहिला, की त्यांना त्याची दया येते आणि त्या त्याला ताबडतोब मोठा करतात. त्यांनी रीडलहुबरना बोलावून घेतले.

“रीडलहुबरसाहेब, कुरकुर हे नुसतं लक्षण आहे. आपण मुळाशी जायला हवं.”

“मुळाशी म्हणजे कुठे?”

“बिजागरी मोडते केव्हा, ते शोधायचं.”

“पण ती मोडत नाही हो, बाई. ती कुरकुरते.”

“मोडत नाही, हे तुम्ही कशावरून म्हणता? चाचणी केलीत?”

रीडलहुबर घाबरले. आजोबांनी चाचणी केली नव्हती, वडिलांनी केली नव्हती, आणि लोक ते मग विकत घेऊन तीन पिढ्या खुशाल बिअर पीत होते. केवढा हा धोका! त्यांनी त्याच बैठकीत सहकार्य-करारावर सही केली. करारात मुख्य कलम एकच होते : ‘नमुना मोडेपर्यंत चाचणी चालू राहील.’

काम सोपवले वेन्डेलिन क्रोष या संशोधक विद्यार्थ्याकडे. वेन्डेलिनला आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे अर्धी नोकरी, पूर्ण काम आणि सहा-सहा महिन्यांनी वाढणारी मुदत मिळाली. प्रबंधाचा विषय विद्यापीठाच्या दप्तरी नोंदवला गेला : ‘मगाच्या झाकणाच्या बिजागरीचे मोडणे, त्याची कारणे आणि परिणाम’. बिजागरी मोडली, की सूक्ष्मदर्शकाखाली ती मोड पाहायची, तीनशे पाने लिहायची आणि डॉक्टर व्हायचे. रीडलहुबरनी तर पुढचीही सोय करून टाकली.

“डॉक्टर झालात, की सरळ माझ्याकडे या. गुणवत्ताप्रमुख करतो तुम्हाला. आमच्याकडे कोणीच डॉक्टर नाही. एक मेहुणा आहे, पण तो दातांचा.”

“नाताळपर्यंत मोडेल,” असा बाईंचा अंदाज होता.

वेन्डेलिनच्या आईने या अंदाजावर विसंबून घराच्या दारासाठी पितळी पाटी करून घेतली : ‘डॉ. वे. क्रोष’. आमच्याकडे पदवी घंटीशेजारी लागली नाही, तर ती मिळाली असे शेजारी धरत नाहीत. पण न मिळालेली पदवी मिरवणे हा आमच्याकडे गुन्हाही आहे. म्हणून आईने पाटी तर लावली, मात्र ‘डॉ.’वर जखमेला लावतात ती चिकटपट्टी डकवून ठेवली. नाताळला काढायची होती.

यंत्र सुरू झाले. एक लोखंडी हात झाकण उचलायचा आणि सोडून द्यायचा. खट्. कुर्र. खट्. नाताळ आला, गेला. कार्निव्हल आला, गेला. बिजागरी मोडली नाही.

दर रविवारी आईचा फोन.

“मोडली का रे, वेन्डल?”

“नाही गं, आई.”

“जोरात आपटत नसशील तू. लहानपणापासून तुझा हात हलकाच.”

“मी नाही आपटत, यंत्र आपटतं.”

“मग यंत्राला सांग. इथे पट्टीचे कोपरे सुटायला लागलेत. पोस्टमन वाकून वाकून बघतो.”

पहिले वर्ष सरल्यावर या न मोडण्याकडे रीडलहुबरांच्या जाहिरातवाल्याचे लक्ष गेले. त्याने गावोगाव फलक लावले. फलकावर मग, मगाचे झाकण आणि खाली फक्त एक ओळ : ‘विद्यापीठ अजून प्रयत्न करते आहे.’

मगांचा खप असा वाढला, की कारखान्यात दुसरी पाळी सुरू करावी लागली. खोलीत कॅमेरा बसवण्यात आला. आता कोणीही घरबसल्या झाकण उघडताना आणि मिटताना पाहू शकत असे. लोक पाहत. झोप न येणारे पाहत, नोकरीवर असलेले पाहत. आमच्या कुलसचिवांच्या पत्नी विणकाम करताना लावून ठेवत. कुरकुरीबद्दल आता कोणीही तक्रार करीत नव्हते, कारण तो संशोधनाचा आवाज होता.

इकडे विभागाचेही बरे चालले होते. सरकारी नियमाप्रमाणे उद्योगाशी ‘चालू सहकार्य’ असेल, तर विभागाला दरवर्षी गुण मिळतात. ‘पूर्ण झालेले सहकार्य’ असेल, तर काही मिळत नाही, कारण जे पूर्ण झाले ते चालू नाही, हे सरकारलाही समजते. बिजागरीच्या जोरावर आमचा विभाग गुणतक्त्यात इतका वर गेला, की वरचे विभाग शिष्टमंडळे घेऊन आम्हाला पाहायला येऊ लागले. खोलीचे नाव ‘झाकण-सांधा उत्कृष्टता केंद्र’ झाले. बाई संचालक झाल्या. सगळे सुखात होते. आपण सुखात नाही हे वेन्डेलिनच्या लक्षात आले होते, पण ते कोणत्या समितीपुढे मांडावे हे कळत नव्हते.

शेवटी तो बाईंकडेच गेला.

“बाई, जोर थोडा वाढवू या का? नुसता थोडा. म्हणजे ती मोडेल.”

“क्रोष,” बाई मायेने म्हणाल्या, “करारात ‘नेहमीच्या वापराप्रमाणे’ असं लिहिलंय. नेहमीच्या वापरात कोणी मगावर राग काढतं का?”

“शनिवारी काढतात.”

“तुम्ही शास्त्रज्ञ आहात. शनिवारची आकडेवारी धरू नका.”

जोर वाढला नाही. उलट जे झाले ते असे. रविवारी आमच्याकडे कोणी खिळा ठोकत नाही, गवत कापत नाही, फार काय, रिकामी बाटलीही काच गोळा करायच्या सार्वजनिक पेटीत टाकत नाही. शांततेचा दिवस. समोरच्या इमारतीतल्या एका निवृत्त न्यायाधीशांनी कळवले, की रविवारी विभागातून खट् असा आवाज येतो. चूक आमचीच होती. यंत्राला रविवारची सुट्टी दिली. मग न्यायाधीशांनी दुपारच्या विश्रांतीच्या वेळेकडे लक्ष वेधले. तेव्हाही यंत्र थांबू लागले. मग कर्मचारी मंडळाने ठराव केला, की हलते यंत्र देखरेखीशिवाय चालू ठेवणे असुरक्षित आहे. देखरेख करणारे एकच, प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ गेर्नोट माउख. गेर्नोटचे काम चोख आणि न्याहारी त्याहून चोख. सकाळची कॉफी संपणे आणि जेवणाची वेळ होणे यांच्या मधल्या काळात यंत्र चालू लागले.

त्यानंतर कॅमेऱ्यावर पाहणाऱ्यांची पत्रे आली. झाकण इतके निर्दयपणे का आपटता? एका बालवाडीने मगाला नाव ठेवले होते आणि मुले रडत होती. बाईंनी झाकणाखाली लोकरीचा तुकडा लावण्यास मंजुरी दिली. आता झाकण असे मिटे, की जणू कोणी आजारी माणसाच्या खोलीचे दार लावून घेत आहे. खट् बंद झाले. नुसते कुर्र उरले.

“मोडली का रे?”

“आई, आता तिला उशी दिलीय.”

मग आई म्हणाली, “मी तिसरी पट्टी लावली आज. पोस्टमन विचारत होता, जखम बरी होत नाही का म्हणून.”

अशी काही वर्षे गेल्यावर एका ईस्टरच्या सुट्टीआधीच्या गुरुवारी वेन्डेलिनने निर्णय घेतला. विज्ञान हे सत्याचा शोध आहे हे त्याला मान्य होते, पण सत्याला थोडा धक्का दिल्याशिवाय ते निघणार नव्हते. त्याने कार्यशाळेतून एक पक्कड घेतली. एकच झटका. मोडली असे जाहीर करायचे आणि लिहायला बसायचे. त्याने कॅमेऱ्यावर आपली टोपी टाकली आणि यंत्रावरची काचेची पेटी उघडायला हात घातला. पेटी उघडीच होती. आत गेर्नोटचे डोके होते.

“हात नको लावूस!” गेर्नोट ओरडला. “स्क्रू पडला ना, तर सापडत नाही मग.”

“तू... तू काय करतोयस?”

“बदलतोय.”

“काय?”

“बिजागरी. दर ईस्टरला बदलतो. सुट्टीआधी सगळं नीट करून जावं माणसानं.”

वेन्डेलिनच्या हातून पक्कड पडली. ती गेर्नोटने उचलली, पुसली आणि ‘कार्यशाळेची आहे ही, सही केलीस का?’ असे विचारले.

“गेर्नोट,” वेन्डेलिन खालच्या आवाजात म्हणाला, “तो नमुना आहे.”

“नमुना? वेड लागलंय का तुला? यंत्राचा भाग आहे. हे बघ.”

त्याने मग फिरवून दाखवला. मगाच्या पोटावर विद्यापीठाच्या मालमत्तेचा निळा शिक्का चिकटवलेला होता. खुलासा सोपा होता. मालमत्ता विभागाचा माणूस शिक्के लावायला आला तेव्हा यंत्र तेलकट होते आणि शिक्का टिकेना. एकच कोरडी, गुळगुळीत जागा होती, ती म्हणजे मग. तिथे शिक्का बसला आणि त्या क्षणापासून मग हा विद्यापीठाच्या लेखी यंत्र झाला. आणि यंत्राचा हलणारा भाग दरवर्षी तपासून, चीर दिसल्यास मोडण्यापूर्वी बदलावा, असा प्रतिबंधक देखभालीचा नियम आहे. असा नियम काटेकोर पाळणारा माणूस आमच्या विभागात एकच होता आणि नेमका तोच या खोलीवर होता.

“चीर दिसली तुला?”

“दरवर्षी दिसते. पहिल्याच ईस्टरला दिसली होती, केसाएवढी. मोडायच्या बेतातच होती. म्हणून तर बदलली. मोडल्यावर बदलली असती, तर तूच ओरडला असतास.”

वेन्डेलिन जमिनीवर बसला. “आणि जुन्या? फेकल्यास?”

“सरकारी मालमत्ता फेकतात का रे?” गेर्नोट दुखावला. त्याने खणातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत, एका उरलेल्या बिस्किटाशेजारी, कापसात गुंडाळलेल्या चिरलेल्या बिजागऱ्या ओळीने निजल्या होत्या.

तो सगळा प्रबंध होता. वेन्डेलिनने गेर्नोटचे दोन्ही गाल धरून त्याच्या कपाळाचे चुंबन घेतले. गेर्नोटने हे सहन केले, पण कर्मचारी मंडळाकडे कळवावे लागेल असे सुचवले.

“एक सांग,” वेन्डेलिन डोळे पुसत म्हणाला, “नव्या बिजागऱ्या रीडलहुबरच देत होते ना?”

“छे! तीन ठिकाणचे दर मागवायचे असतात. सगळ्यात स्वस्त उंटरबाखवाल्यांच्या. पहिली तेवढी रीडलहुबरांची. बाकी सगळ्या उंटरबाखच्या.”

उंटरबाखचा कारखाना हा रीडलहुबर घराण्याचा तीन पिढ्यांचा वैरी. म्हणजे रीडलहुबरसाहेब इतकी वर्षे गावोगावच्या फलकांवर स्वतःच्या खर्चाने वैऱ्याच्या बिजागरीची जाहिरात करीत होते.

ईस्टरनंतर बाईंच्या खोलीत बैठक झाली. टेबलाच्या मधोमध डबा होता. वेन्डेलिनने सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाला, “थोडक्यात, मोडली आहे. माझा प्रबंध होऊ शकतो.”

“मोडलेली नाही,” बाई म्हणाल्या. “चिरली आहे. मोडण्याची वेळ आपण येऊच दिली नाही. ही तर आपली कामगिरी म्हणायची.”

रीडलहुबरांनी डब्यातले बिस्किट उचलले आणि भान हरपून खाल्ले. मग त्यांनी विचारले, “उंटरबाखच्यापण चिरतात?”

“दरवर्षी.”

“बघा!” रीडलहुबरांचा चेहरा उजळला. “माझे वडील म्हणायचेच. माल हलका आहे त्यांचा.”

“तुमची पण चिरली, साहेब,” वेन्डेलिन म्हणाला.

“एकदाच! त्यांच्या दरवर्षी. तुम्हीच मोजा.”

यावर शास्त्रीयदृष्ट्या बरेच बोलता आले असते. पण बाईंनी हात वर केला.

“क्रोष, नीट ऐका. हा प्रबंध उघडा ठेवला, तर चाचणी संपली असं होईल. चाचणी संपली, की सहकार्य संपेल, केंद्र बंद पडेल, रीडलहुबरसाहेबांची दुसरी पाळी घरी बसेल आणि तुमची ती गुणवत्ताप्रमुखाची खुर्चीही जाईल. मग त्या ‘डॉक्टर’चं तुम्ही करणार काय?”

“आणि उघडा नाही ठेवला तर?”

“तर उद्योगहितास्तव गोपनीय. आपल्याकडे नेहमीचंच आहे ते. कपाटात, कुलपात. तुम्ही डॉक्टर. चाचणी चालू.”

“पण बाई, फलकावर लिहिलंय की विद्यापीठ अजून प्रयत्न करतंय.”

“करतंयच की,” बाई म्हणाल्या. “तुम्ही आम्हाला खोटं ठरवताय का?”

वेन्डेलिनने डब्याकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम सत्य आले, असे तो पुढे सांगत असे. पण सत्याच्या मागोमाग ती चिकटपट्टी आली, सुटलेल्या कोपऱ्यांची, आणि तिच्यापुढे वाकलेला पोस्टमन.

“कपाट कुठे आहे?” त्याने विचारले.

प्रबंध झपाट्याने लिहून झाला. गुप्तता इतकी कडक पाळण्यात आली, की एका परीक्षकाला विषम पाने दिली आणि दुसऱ्याला सम. दोघांनीही ‘वाचलेला अर्धा भाग उत्कृष्ट, उरलेला अर्धा तितकाच असावा’ असा अभिप्राय दिला. तोंडी परीक्षा बंद दाराआड झाली. कोणालाच काही विचारायची परवानगी नसल्यामुळे ती लवकर आटोपली. वेन्डेलिनने बाहेर येऊन पहिला फोन केला.

“मोडली का रे, वेन्डल?”

“आई, पट्टी काढ.”

आईने पट्टी काढली. इतक्या वर्षांत पाटीचे पितळ काळवंडून गेले होते. ‘वे. क्रोष’ ही अक्षरे धड वाचताही येत नव्हती. पट्टीखालचे ‘डॉ.’ मात्र लखलखत होते. येणाऱ्याजाणाऱ्याला आजही तेवढेच दिसते.

नव्या डॉक्टरला हातगाडीत बसवून गावात मिरवायची आमच्याकडे पद्धत आहे. सहकाऱ्यांनी स्वतः बनवलेली टोपी त्याच्या डोक्यावर घालायची. वेन्डेलिनच्या टोपीवर खरे झाकण बसवले होते आणि दोरी ओढली, की ते उघडे. गाडी गेर्नोट ओढत होता. गाडीचे टायर त्याने आदल्या दिवशीच बदलले होते. बाई आणि रीडलहुबर दोन्ही बाजूंनी चालत होते. दोन खांब आणि मध्ये कमान. फोटो चांगला आला, दारावरच्या संगमरवराशेजारी लावला आहे. आता डॉ. क्रोष कारखान्यात गुणवत्ताप्रमुख आहेत. त्यांचे मुख्य काम ईस्टरच्या आठवड्यात असते. गेर्नोट निवृत्त झाल्यापासून बिजागरी तेच बदलायला येतात. फक्त आता तीन ठिकाणचे दर मागवत नाहीत, घरचीच आणतात.

तर त्या मिरवणुकीच्या दिवशी चौकात सगळ्यांचे मग भरले गेले. रीडलहुबरांनी भाषण केले, डोळे पुसले, हातातला मग उंचावला आणि अंगठ्याने झाकण उघडले.

कुर्र.

सगळे हसले. रीडलहुबर मात्र थबकले. खूप वर्षांपूर्वी कोणाला तरी काहीतरी विचारायचे राहून गेले आहे, असा त्यांचा चेहरा झाला. ते बाईंकडे वाकून हळूच म्हणाले, “बाई, सगळं झालं, पण ते कुरकुरण्याचं काय? माझी चिठ्ठी होती ना?”

“हो हो,” बाई म्हणाल्या. “तो स्वतंत्र प्रकल्प होईल. वेगळा करार करू.”

करार झाला आहे. ‘कुरकुर थांबेपर्यंत’ असे त्यातले कलम आहे. केंद्राला नवा मजला चढला, दोन नवे संशोधक आले, त्यांपैकी एकीच्या आईने पाटीसुद्धा करून घेतली असे कळते. रीडलहुबरांचा एक मग माझ्याकडेही आहे. विद्यापीठाला मोडता आला नाही, म्हणूनच मी तो घेतला, आणि हे सगळे ठाऊक असूनही गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नात तसाच एक भेट दिला. तुम्ही मला हसण्यापूर्वी आपल्या फडताळातल्या डब्याबाटल्यांवर ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ असे कुठे कुठे छापले आहे, ते एकदा पाहून या. मी थांबतो.

आणि परत येताना, घरात शिवणयंत्राच्या तेलाची बाटली असेल, तर तेवढी घेऊन या. दोन थेंब पुरेत.